तीन पोटांची मोटारसायकल

"कुठलंही टाका साहेब, काही फरक पडत नाही," असं म्हणून मेकॅनिकने हात पुसले, पिशवी उचलली आणि तो चालू लागला. पार्किंगमध्ये काटेसाहेब उभे राहिले. समोर मोटारसायकल, मोटारसायकलखाली काळ्या तेलाची बादली आणि कानांत ‘कुठलंही’ हा एकच शब्द.

तुम्हाआम्हाला त्या शब्दात काही खटकायचं नाही. आपण कुठल्याही साबणाने अंघोळ करतो आणि कुठल्याही रांगेत उभे राहतो. पण काटेसाहेबांचा उभा जन्म वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून गेला होता. दुकानात शिरायचं, तराजू उलटा करून बघायचा, लिटरच्या मापात पाणी भरून ते पुन्हा दुसऱ्या मापात ओतायचं, आणि दुकानदाराला घाम फुटेपर्यंत त्याच्याकडे नुसतं बघत राहायचं. खात्यातले लोक त्यांना पाठीमागे काटेकोरसाहेब म्हणत. म्हणता म्हणता त्यातला ‘कोर’ गळून पडला आणि नुसते काटे राहिले. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी वाचायला हल्ली येतंय कोण?

मोटारसायकल जुन्या बांधणीची. आताच्या गाड्यांचं बरं असतं, एकदा तेल ओतलं की सगळीकडे तेच फिरतं. हिची तीन पोटं वेगवेगळी. इंजिनाचं एक. डाव्या अंगाला चपटा डबा, त्यात साखळी आणि क्लच, हे दुसरं. त्याला जाणकार लोक प्रायमरी म्हणतात. आणि मागे गिअरबॉक्स, हे तिसरं. इंजिनात काय घालायचं याबद्दल सगळ्या जगाचं एकमत आहे. वाद असतो तो उरलेल्या दोघांचा. त्या दोन्हींतलं तेल मेकॅनिकने काढून बादलीत सोडलं होतं आणि ‘नवीन आणून ठेवा, मी येऊन ओततो’ असं सांगितलं होतं. कुठलं आणायचं ते तुम्ही वर ऐकलंतच.

आता इतकी वर्षं झाकून ठेवलेली गाडी उघडायची बुद्धी त्यांना का झाली, हेही सांगून टाकतो. बायको मुलीकडे गेली होती. मुलगी परदेशात, तिचं पहिलं बाळंतपण, म्हणून बायको थोड्या दिवसांसाठी गेली. बाळ झालं, पालथं पडलं, बसायला लागलं, आता कपाटाला धरून उभं राहतं, आणि थोडे दिवस काही संपत नव्हते. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीला जाणारे, बाळाला बघणार कोण? हे काटेसाहेबांना पटत होतं. त्यांना सगळंच पटत होतं. फक्त घरात एकाच कपाचा चहा करताना साखर किती घालायची ते त्यांना अजून जमत नव्हतं, आणि ज्या माणसाने आयुष्यभर मापं तपासली त्याला ही गोष्ट जिव्हारी लागत होती. काटेसाहेबांना एकटं वाटत होतं. एवढं साधं वाक्य, पण ते त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी बायकोचा फोन यायचा. तिच्याकडे तेव्हा संध्याकाळ असायची.

"काय विशेष?" ती विचारायची.

"विशेष काय असणार? तुझं?"

"माझं काय, चाललंय. जेवता ना नीट?"

"हो."

मग बाळाला फोनसमोर आणलं जायचं, बाळ फोन तोंडात घालायचं, काटेसाहेबांना नातवाच्या टाळूचं जवळून दर्शन व्हायचं आणि फोन बंद. चहा निवायच्या आत सगळं उरकलेलं असायचं. चाळीस वर्षं एका छताखाली राहिलेल्या माणसांना फोनवर बोलायला काही सुचू नये, याला काय म्हणावं? पण घरात ती दोघं बोलायची ती ‘पंखा बंद करा’, ‘दूध उतू गेलं’, ‘माझा चष्मा कुठाय’ असलं. हे फोनवर कसं बोलणार?

तर काटेसाहेब तेलाच्या दुकानात गेले. दुकानदार जुना. यांना बघितल्याबरोबर त्याने सवयीने मापं पदराआड घेतल्यासारखी मागे सरकवली, मग साहेब आता निवृत्त आहेत हे आठवून पुन्हा पुढे आणली. हे पुढे आणणं काटेसाहेबांना फार झोंबलं.

"कुठलं देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"तेच विचारायला आलोय. प्रायमरीत कुठलं घालायचं आणि गिअरबॉक्समध्ये कुठलं?"

"तुम्ही म्हणाल ते देतो."

"मला माहीत असतं तर मी विचारलं असतं का?"

"गिऱ्हाइकाला माहीत नसेल तर मी तरी कसं सांगू? उद्या गाडी बिघडली तर म्हणाल दुकानदाराने सांगितलं." मग त्याने आवाज खाली आणला. "पातळ न्या. नाहीतर घट्ट न्या. दोन्ही चांगली चालतात."

काटेसाहेब रिकाम्या हाताने घरी आले. दुसऱ्या दिवशी फोनवर बायकोने विचारलं, "काय विशेष?" आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते म्हणाले, "अगं, काय सांगू तुला."

त्यांनी मेकॅनिक सांगितला, दुकानदार सांगितला, मापं मागे नेऊन पुढे आणली तेही सांगितलं. बायको हसली. बाळ फोनकडे झेपावलं तर तिने त्याच्या हातात चमचा दिला आणि म्हणाली, "मग? मग तुम्ही काय म्हणालात?" चहा गार झाला. गार चहा इतका चांगला लागतो हे काटेसाहेबांना ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून ते पेटले. वरच्या मजल्यावर चीफ राहायचे. म्हणजे जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनिअर. जिना चढतानासुद्धा जमीन हलते आहे अशा बेताने पाय टाकत. काटेसाहेबांनी इतक्या वर्षांत त्यांच्याशी पाण्याच्या टाकीखेरीज कशावर बोलणं केलं नव्हतं. तेलाचं नाव काढताच चीफ आपल्या दाराला कुलूप लावून थेट काटेसाहेबांच्या घरात येऊन बसले.

"घट्ट," चीफ म्हणाले. "तेल म्हणजे कसं पाहिजे? बोट बुडवून वर काढलं की धार तुटता कामा नये. दातावर दात घासतात तिथे पातळ तेल म्हणजे आत्महत्या. माझ्या जहाजावर एकाने पातळ तेल घातलं होतं."

"मग काय झालं?"

"बदली केली त्याची."

एवढ्यात समोरच्या दारातला औषधवाला आला. कोपऱ्यावर त्याचं औषधाचं दुकान. बाटलीवरचं लेबल शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तो साधा मधही चाटायचा नाही. "माफ करा, दारातून ऐकू आलं म्हणून आलो," तो म्हणाला. "घट्ट अजिबात नको. पातळच. त्या क्लचच्या चकत्या तेलात बुडालेल्या असतात. घट्ट तेलाने चिकटून बसतील. आणि त्यात नको ती द्रव्यं मिसळलेली नसावीत, नाहीतर निसटतील. औषध आजारापेक्षा जड होऊन चालत नाही."

"तुम्ही खोकल्याचं औषध विका," चीफ म्हणाले.

"तेही पातळच असतं," औषधवाला म्हणाला.

झालं, जुंपली. दुसऱ्या दिवशीही दोघं आले. तिसऱ्या दिवशी औषधवाल्याने दोन बाटल्यांत नमुने आणून खिडकीत ठेवले आणि कुठलं लवकर ओघळतं ते तिघं चहा पीत बघत बसले. काटेसाहेबांना आता तीन कपांना साखर घालायची असे, आणि ती बरोबर पडे. सकाळी बायको फोन लागल्या लागल्या विचारायची, "काल कोण जिंकलं?" काटेसाहेब चीफचा आवाज काढून दाखवायचे, औषधवाल्यासारखे चष्म्यावरून बघायचे. ती म्हणायची, "तुम्हाला नकला येतात हे मला कधी सांगितलं नाहीत." काटेसाहेब म्हणायचे, "विचारलंस कधी?"

आणि मग तो घोटाळा झाला. घोटाळा म्हणजे, काटेसाहेबांना उत्तर सापडलं.

पाहुणे गेल्यावर कप विसळत असताना त्यांच्या लक्षात आलं की चीफ रोज दात दात करतात आणि औषधवाला चकत्या चकत्या करतो. दात गिअरबॉक्समध्ये. चकत्या प्रायमरीच्या डब्यात. दोघंही बरोबर होते. एक मागच्या पोटाबद्दल बोलत होता, दुसरा डाव्याबद्दल. डाव्यात पातळ, मागच्यात घट्ट, संपला वाद. इतके दिवस दोघांनी एकमेकांचा जीव खाल्ला आणि कुठलं पोट हे कुणी विचारलंच नाही.

पूर्वीचे काटेसाहेब असते तर त्याच पावली दोघांच्या दारावर थाप मारून निकाल देऊन मोकळे झाले असते. आता ते ओले हात घेऊन तसेच उभे राहिले. निकाल दिला की चीफ वर जाणार, औषधवाला दार लावणार, आणि उद्या सकाळी बायको विचारणार ‘काय विशेष?’ त्यावर ‘काही नाही’ म्हणायची त्यांच्यात ताकद नव्हती. ज्या माणसाने कुणाला गुंजभर खोट माफ केली नाही, त्याने त्या दिवशी अख्खं सत्य दाबलं. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी दोन्ही तेलांचे डबे आणले आणि कपाटात बायकोच्या कप्प्यात, तिच्या लोकरीच्या शालीमागे ठेवून दिले. संध्याकाळी चीफ आल्यावर तोंड वर करून म्हणाले, "माझं काही ठरत नाही बुवा."

पण खोटं एकटं राहत नाही, त्याला सोबत लागते. इमारतीचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहत. त्यांच्या खिडकीसमोर ती काळ्या तेलाची बादली रोज तशीच. त्यांनी काटेसाहेबांना बोलावून घेतलं.

"साहेब, ही बादली किती दिवस?"

"तेल ठरेपर्यंत."

"जुनं तेल टाकून द्यायला नवीन ठरायची काय गरज?"

काटेसाहेब बादली घेऊन नगरपालिकेच्या कचरा विभागात गेले. पहिल्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "सुका की ओला?"

"तेल आहे."

"म्हणजे ओला. पलीकडच्या खिडकीत."

पलीकडचा गृहस्थ म्हणाला, "ओला म्हणजे सडणारा. हे सडतं का?"

"नाही."

"मग सुका."

काटेसाहेब परत पहिल्या खिडकीत आले. बाईंनी बादलीकडे बघितलं, जमिनीवर पडलेल्या थेंबाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सुका कचरा सांडत नाही, काका." शेवटी त्यांना गटार विभागाकडे पाठवलं. तिथले अधिकारी अदबीने बोलले. तेल गटारात टाकलंत तर आम्ही दंड करू, म्हणाले, आणि टाकलं नाहीत तर मग आमच्याकडे तुमचं काही काम नाही. काटेसाहेबांना एरवी अशा उत्तराने संताप आला असता. आयुष्यभर सरकारी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस बाहेरच्या बाजूला आला की त्याचा फार अपमान होतो. पण त्या दिवशी ते भर रस्त्याने बादली सांभाळत मनात वाक्यं जुळवत आले. सकाळी बायको इतकी हसली की पलीकडच्या खोलीतून मुलीने येऊन विचारलं, आई, बरी आहेस ना?

बादली आता पार्किंगमध्ये नको म्हणून त्यांनी ती आपल्या दाराबाहेर जिन्याच्या वळणावर ठेवली. ही चूक. संध्याकाळी चीफ आणि औषधवाला वाद घालत खाली उतरले. ‘धार तुटता कामा नये’ हे हातवारे करून सांगताना चीफनी पाय टाकला तो थेट बादलीत. जहाज बुडताना कप्तान शेवटी उतरतो म्हणतात. इथे चीफ सगळ्यांत आधी उतरले, तेही बसल्या बसल्या, बादलीसकट. धार मात्र खरोखर तुटली नाही. ती तिन्ही मजले उतरून सेक्रेटरींच्या उंबऱ्यापर्यंत गेली. आवाज ऐकून सेक्रेटरी दार उघडून बाहेर आले आणि पाय सरकून पुन्हा आत गेले. चीफला फार लागलं नाही, पण पँट गेली. नगरपालिकेचा प्रश्न मात्र आपोआप सुटला.

सेक्रेटरींनी त्याच रात्री सभा घेतली नाही, एवढाच त्यांचा मोठेपणा. दुसऱ्या दिवशी घेतली. जिना घासून पुरा करीपर्यंत साबण संपला होता आणि सगळ्यांचा धीरही. ठरलं ते असं: येत्या रविवारी ही गाडी चालू झाली पाहिजे, नाहीतर ती फाटकाबाहेर. "आणि साहेब," सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही इतके नियमाचे. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." काटेसाहेब मान खाली घालून बसले. जिन्याची शरम वाटलीच. आता रविवार येणार, याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं.

रविवार आलाच. मेकॅनिक आला. सगळी इमारत पार्किंगमध्ये जमली, गॅलऱ्यांत बायामाणसं उभी राहिली. चीफ नवी पँट घालून आले होते. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. काटेसाहेबांनी वरून दोन डबे आणून ठेवले आणि म्हणाले, "हे डाव्या डब्यात, पातळ. हे मागच्यात, घट्ट."

चीफनी एकदा औषधवाल्याकडे बघितलं, औषधवाल्याने चीफकडे. दोघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला.

"म्हणजे मी बरोबर होतो," चीफ म्हणाले.

"मीही," औषधवाला म्हणाला. मग त्याने डबा उचलून नेहमीप्रमाणे लेबल वाचलं आणि नाकाजवळ नेला. "साहेब, याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय. हे बरेच दिवस कपड्यांत होतं."

काटेसाहेबांनी कितीतरी दुकानदारांना अशा जागी पकडलं होतं. दुकानदार काय काय सांगत: माप कालच पडलं, पोऱ्याने अदलाबदल केली, बायको आजारी आहे. त्यांना त्यातलं एकही आठवेना. "हो," ते म्हणाले. "मला तुम्ही रोज यायला हवे होतात."

चीफ घसा खाकरून गाडीच्या चाकाकडे बघू लागले. औषधवाल्याने डबा मेकॅनिककडे दिला आणि म्हणाला, "हळू ओत. सांडू नकोस." मेकॅनिकने ओतलं, झाकणं लावली, लाथ मारली. गाडी खोकली, मग सुरू झाली. गिअर लोण्यासारखे पडले. काटेसाहेबांनी फाटकाबाहेर एक फेरी मारून आणली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, सेक्रेटरींनी हात मिळवला, आणि सगळे आपापल्या घरी जेवायला गेले.

दुपारी कुणी आलं नाही. संध्याकाळी काटेसाहेबांनी सवयीने तीन कप काढून ठेवले आणि दोन परत ठेवले. वर चीफच्या पावलांचा आवाज इकडून तिकडे जात होता. त्यांना वाटलं, जावं आणि माफी मागावी, पण कशाची म्हणून मागायची? तुमची गरज होती याची?

सकाळी फोन वाजला. त्यांनी लगेच उचलला नाही. वाजू दिला, चहा गाळला, मग घेतला.

"काय झालं तेलाचं?" बायको म्हणाली. आज बाळ दिसत नव्हतं. ती कुठल्याशा पायरीवर बसली होती, मागे दुसऱ्या कुणाचं दार होतं.

"झालं," काटेसाहेब म्हणाले. "घातलं. डावीकडे पातळ, मागे घट्ट. गाडी सुरू झाली. छान चालते."

"अच्छा."

"हो."

"म्हणजे संपलं?"

"संपलं."

तिकडे कुणीतरी नळ सोडला होता, त्याचा आवाज येत होता. काटेसाहेब मनात शोधत होते, काही राहिलंय का सांगायचं. जिना सांगून झाला होता, गटार विभाग दोनदा सांगून झाला होता. आता ती विचारणार जेवता ना नीट, आणि आपण म्हणणार हो.

"अहो," बायको म्हणाली, आणि तिने आवाज खाली आणला. "त्या पुढच्या चाकाच्या दोन दांड्या असतात ना, दणके खाणाऱ्या? त्यांच्यातसुद्धा तेल असतं म्हणे. तुम्ही ते बदललंत का?"

काटेसाहेबांनी कप खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं?"

"इथे समोर एक जण राहतो, सुटीच्या दिवशी मोटारसायकल धूत बसतो. त्याला विचारलं."

"त्याची भाषा येते तुला?"

"नाही येत. हातांनी विचारलं. घरात दिवसभर मी आणि बाळ, संध्याकाळी पोरं दमून येतात, बोलणार कोणाशी? तुमचा फोन झाला की मी उद्याच्या फोनची वाट बघायचे. मग म्हटलं, आज ना उद्या यांचं तेल ठरणार." तिने मागच्या दाराकडे बघितलं. "तर तो म्हणतो पातळ घाला. पण त्याच्या शेजारची म्हातारी आहे ना, तिचा नवरा चालवायचा, ती म्हणते अजिबात नाही. काल दोघांचं भांडणच लागलं. हे मागे दिसतंय ते तिचंच दार."

काटेसाहेबांनी स्टूल ओढलं, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि नीट बसले.

"सांग," ते म्हणाले. "म्हातारी काय म्हणाली, पहिल्यापासून सांग."